मरळीसाठी अत्तर

हुसेनसाब अत्तारांचं दुकान विजापूर वेशीजवळच्या एका बोळात होतं. दुकान म्हणजे केवढं, तर दोन माणसं मांडी घालून बसली की तिसऱ्यानं पायरीवर टेकायचं. पण तिन्ही भिंतींना शिसवी कप्पे आणि कप्प्यांत काचेच्या बुचांच्या बाटल्या होत्या. गुलाब, मोगरा, केवडा, खस, हिना. आजोबांपासून चालत आलेला धंदा. हुसेनसाबांचं नाक तर सगळ्या पेठेत नावाजलेलं. बूच उघडायचा अवकाश, माल अस्सल की मधे कुणी भेसळ केलीय हे ते सांगून टाकायचे. लग्नघरची माणसं, दर्ग्याचे मुजावर, नाटकमंडळ्या, जो तो त्यांच्याकडे यायचा आणि ते देतील ते मुकाट घेऊन जायचा.

ते नाक शहात्तर सालच्या भादव्यात गेलं.

आठ दिवस ताप होता. ताप उतरला, खोकला थांबला, अंगात ताकद आली, पण वास काही परत आला नाही. आधी त्यांना वाटलं, नाक चोंदलंय. ओव्याची पुरचुंडी हुंगून झाली, निलगिरीचा वाफारा घेऊन झाला. हकिमानं तेल सोडायला दिलं. डॉक्टरांनी दिवा लावून नाक तपासलं आणि सरळ सांगितलं की तापानंतर एखाद्याचं असं होतं, येईल तर आपलं आपण येईल, नाहीतर नाही. औषध नाही.

हुसेनसाबांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. गवयाचा गळा गेला तर तो निदान खोकून दाखवू शकतो, अत्तारानं काय दाखवायचं? ते रोज गादीवर बसायचे, गिऱ्हाईक आलं की बाटली उतरवायचे, नाकाशी न्यायचे, नेहमीसारखी मान हलवायचे आणि कप्प्याच्या जागेवरून, बाटलीच्या आकारावरून, हाताच्या सवयीवरून माल द्यायचे. चार-सहा आठवडे असे निभले.

मग गुरुबसप्पा मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. थंडीची चाहूल लागली की हिना न्यायचे. दोन दिवसांपूर्वी नेलेली कुपी त्यांनी गादीवर ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाले की ह्याला खवट वास येतोय, चुकून जुनी बाटली हाती लागली असेल. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं हुसेनसाबांना वाटलं. त्यांनी दुसरी बाटली उतरवली, हुंगल्यासारखं केलं, पण ही तरी चांगली आहे का हे त्यांना कळत नव्हतं. मास्तर गेल्यावर त्यांनी भर दुपारी फळ्या लावून घेतल्या. दिवाळी झाली की दुकान मोडायचं, असं त्यांनी त्या अंधारात बसून ठरवूनही टाकलं.

कुंडलिक आला तो त्याच आठवड्यात.

हा कुंडलिक गिरणीच्या लूमखात्यात कामाला होता. वय चाळिशीच्या आत, मूळचा करमाळ्याकडचा, भीमेकाठच्या गावचा. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सायकल काढून तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याच्या तळ्यावर मासे धरायला जायचा, एवढाच त्याला नाद. पायरीवर टेकून त्यानं कापडी पिशवीतून एक लाकडी मासा काढला आणि गादीवर ठेवला. बोटभर जाडीचा, वीतभर लांब, शेपटाशी तिकाटी गळ. मागावर आडवं सूत नेणारा लाकडी धोटा फुटला की टाकून देतात. तसला एक धोटा तासून त्यानं तो केला होता, काळ्या-तांबड्या रंगाचे पट्टे मारले होते. काम मोठं सफाईचं होतं.

त्याचं म्हणणं असं होतं की हा मासा पाण्यात अगदी जिवंतासारखा पळतो. तळ्यातली मरळ मासळी लव्हाळ्यातून निघते, त्याच्या मागं लागते, हातभर अंतरावर येते आणि तिथून मागं फिरते. एकदा नाही, वीसदा झालं. तळ्यावरच्या एका म्हाताऱ्या भोयानं त्याचा हात हुंगून सांगितलं होतं की तुझ्या हाताला आणि ह्या लाकडाला गिरणीच्या तेलाचा वास मारतो, मासा डोळ्यांनी फसेल पण नाकानं फसत नाही.

"तवा ह्याला असा वास द्या," कुंडलिक म्हणाला, "की मरळीला वाटलं पायजे, हे खायाचंच हाय."

दुसऱ्या कुठल्या वेळी हुसेनसाब हसले असते. खस-केवड्याच्या गादीवर मासळीचं काम त्यांच्या बापानं दारातूनच परत पाठवलं असतं. पण त्या दिवशी त्यांच्या मनात आलं की हे एक गिऱ्हाईक असं आहे, ज्याचा माल बिघडला तर कुपी परत घेऊन कुणी येणार नाही. त्यांनी लाकडी मासा उचलला, फिरवून पाहिला आणि ठेवून जा म्हणाले.

आणि मग काय झालं, तर रात्री त्यांना वडलांची एक गोष्ट आठवली. भीमेकाठचे कोळी म्हणे वर्षातून एकदा येऊन बडीशेपेचं तेल न्यायचे आणि कशाला हवं ते सांगायचे नाहीत. सकाळी हुसेनसाबांनी माळ्यावरून ती बाटली शोधून काढली. पण आधी लाकडातलं गिरणीचं तेल काढायला हवं होतं. त्यांनी मासा राखेच्या पाण्यात उकळला, रिठ्यानं घासला, चार दिवस उन्हात वाळवला. अत्तराच्या कामात भांडं धुण्याला किती महत्त्व हे त्यांना नाकानं नव्हे, हातानं ठाऊक होतं. मग प्रश्न आला तेलाचा. नुसतं तेल पाण्यावर तरंगून निघून जाणार. त्यांनी मधमाशीचं मेण वितळवून त्यात करडीचं तेल आणि बडीशेपेचं तेल घोटलं, माशाच्या पोटाला खाच पाडून तीत गिरणीचंच कच्चं सूत गुंडाळलं आणि त्या सुताला ते मेण पाजलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना कामात जेवणाची आठवण राहिली नाही.

कुंडलिक पुढच्या सोमवारी आला आणि म्हणाला, मरळ ह्या वेळी वीतभर अंतरावर आली. तोंड लावलं नाही, पण मागं फिरताना घुटमळली.

तिथून त्यांचं सुरू झालं. हुसेनसाब नवीन काहीतरी घोटून द्यायचे आणि कुंडलिक तळ्यावरून निकाल आणायचा. मेथी भाजून घातली, मासळीनं ढुंकून पाहिलं नाही. हिंग घातला, तर कुंडलिकच्या म्हणण्यानुसार सगळं तळं रिकामं झालं. शेवटी हुसेनसाबांनी मंगळवार बाजारातून सुकट आणली, करडीच्या तेलात मंद आचेवर परतली, आठ दिवस मुरवली, गाळली आणि बडीशेपेच्या मेणात थोडी थोडी मिसळली. बोळातल्या शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. हुसेनसाबांना त्याचं काहीच नव्हतं.

दुकान मोडायची गोष्ट दिवाळीबरोबर मागं पडली. ती पडल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

जुम्म्याच्या दिवशी नमाजानंतर दुकान बंद असायचं. एका शुक्रवारी कुंडलिक सायकल घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, चाचा, तुमी एकदा सोत्ता बघा की. हुसेनसाब अठ्ठावन्न वर्षांचे, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसून हिप्परग्याला गेले. रस्त्यात ओळखीच्या दोघांनी सलाम केला तेव्हा त्यांना थोडी लाज वाटली. पण तळ्यावर पोचल्यावर वारा लागला, बांधावरून सबंध पाणी दिसलं, आणि त्यांना आपण ह्या शहरात जन्म काढून इथं कधीच आलो नाही ह्याचं नवल वाटलं.

मग दर शुक्रवार ठरून गेला. दगडावर बसायचं, मेणाच्या डब्या पुढ्यात मांडायच्या, एकेक उघडून सवयीनं नाकाशी न्यायची आणि माशाच्या सुताला चोळून द्यायची. बाकी कुंडलिकचं काम. तो कळकाच्या काठीनं मासा लांब फेकायचा आणि गळाची दोरी, तंगूस, हलक्या हातानं ओढत आणायचा.

चौथ्या का पाचव्या शुक्रवारी हुसेनसाबांनी सुकटीच्या मेणाची डबी उघडली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. कुंडलिक फेकायचा थांबला. तो जवळ येऊन बसला.

"चाचा, रागावू नका. तुमाला वास येत न्हाय, व्हय ना?"

हुसेनसाबांनी डबीचं झाकण लावलं.

"ही डबी मी लांबून उगडली तरी माझं तोंड वाकडं हुतंय. तुमचा चेहरा हालला न्हाय. बडीशेपेच्या डबीला जसा हुता, तसाच ह्या डबीला." मग त्यानं आपल्या कानाकडे बोट केलं. "लूमखात्यात शेकड्यानं माग एकदम चालत्यात. ऐकू काय येतंय? आमी एकमेकांच्या तोंडाकडं बघूनच बोलतो. वीस वर्सं माणसांची तोंडं वाचत आलोय. आता तर बाहेरबी निम्मंच ऐकू येतंय. पण म्हणून मी ऐकायचं सोडलं न्हाय. कान टवकारून बसतोच की."

हुसेनसाबांनी मग सगळं सांगितलं. ताप, डॉक्टर, मास्तरांची कुपी, फळ्या लावून काढलेली ती दुपार. सांगता सांगता त्यांना जाणवलं की चार महिन्यांत पहिल्यांदाच आपण पूर्ण श्वास घेतोय. कुंडलिकनं हळहळ केली नाही. त्यानं एक डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली आणि म्हणाला, "हुंगा. मी सांगतो काय हाय ते. जेवणं झाल्यावर पानाच्या ताटलीतनं बडीशेप तोंडात टाकतोय न्हवं, ते हाय हे. आठवा." दुसरी धरली. "ही सुकट. पावसात भिजल्यालं पोतं आन् त्यात बाजाराचा दिवस." नाकात काही आलं नाही, पण आठवण मात्र आली. आईच्या पानाच्या डब्याची आठवण इतकी लख्ख आली की हुसेनसाबांचे डोळे भरले.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला, गुलबानोलाही सांगायचं ठरवलं. ती चुलीपाशी बसली होती. ते शब्द जुळवत असतानाच तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मेरेकू तो कब का मालूम है जी." भादव्यात डाळ करपली होती आणि ह्यांनी ती छान झाली म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतली होती, तेव्हाच तिला कळलं होतं. मास्तरांची कुपी परत आल्याचंही तिच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी दुकान झाडायच्या निमित्तानं ती एकेक बूच उघडून पाहत होती, खवट बाटल्या मागं सारत होती, जागच्या जागी नीट लावत होती. विचारलं तर तुमचा मान जाईल, म्हणून ती बोलली नव्हती.

हुसेनसाब तिथंच उंबऱ्यावर बसले. मास्तरांनंतर एकही कुपी परत आली नाही हे आपण नशीब समजत होतो, त्या नशिबाला दोन हात होते आणि ते रोज सकाळी आपल्यासाठी झाडू घेऊन जात होते, हे त्यांना आता कळलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला शुक्रिया म्हणायची वेळ कधी आली नव्हती, म्हणजे म्हणायची रीत नव्हती. त्या दिवशी ते म्हणाले. ती लाजली आणि भाकरी उलटायला वळली.

दुसऱ्या दिवसापासून गुलबानो उघडपणे त्यांच्या शेजारी गादीवर बसू लागली. गिऱ्हाईक आलं की ती आधी हुंगायची, मग ते द्यायचे. गुरुबसप्पा मास्तरांच्या घरी जाऊन हुसेनसाबांनी खरं काय ते सांगितलं. मास्तर म्हणाले की मला आता जवळचं वाचता येत नाही, नातीकडून पेपर वाचून घेतो, म्हणून मी काही मास्तर राहिलो नाही असं नाही. त्यांनी हिना पुन्हा हुसेनसाबांकडूनच घेतली.

गुलबानोनं घरी एक नेम धरला. पहाटे चहाच्या आधी ती त्यांच्यापुढं लवंग, लिंबाचं पान, कोथिंबिरीची काडी असं एकेक धरायची आणि कुंडलिकसारखंच वर्णन करून सांगायची. हुसेनसाब डोळे मिटून हुंगायचे. काही यायचं नाही. तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायची.

फाल्गुनात मरळ लागली. ऊन कलतीला आलेलं. कुंडलिकनं लव्हाळ्याच्या कडेनं मासा ओढत आणला, पाण्याखाली एक काळी सावली त्याच्या मागं निघाली, वीतभर अंतरावर आली, आणि ह्या वेळी थांबली नाही. पाणी फुटलं. काठी कमानीसारखी वाकली. हुसेनसाब लेंग्यासकट गुडघाभर पाण्यात उतरले आणि कुंडलिकनं हळूहळू जवळ आणलेली मरळ त्यांनी दोन्ही हातांनी धरून बांधावर फेकली. हाताएवढी लांब, काळीभोर, अंगावर हिरवट झाक. तिच्या जबड्यात तो धोट्याचा मासा आडवा घट्ट बसला होता. तिनं तो नुसता धरला नव्हता, चावून धरला होता, सुतात दात रुतले होते.

"चाचा, ह्ये बगा," कुंडलिक म्हणाला. "तिनं खरं मानलं."

हुसेनसाब कितीतरी वेळ त्या दातांकडे पाहत राहिले. नाक गेलं तरी हाताला अजून काही येत होतं, आणि त्याची साक्ष ह्या पाण्यातल्या जिवानं दिली होती. त्यांनी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि अल्लाचे आभार मानले, दोन्ही एकाच दमात.

वैशाखातला एक शुक्रवार उजाडला. त्या दिवशी फार उकाडा होता. कुंडलिक डब्या उन्हात विसरून पलीकडच्या काठाला गेला होता. मेण वितळून झाकणाखालून ओघळलं होतं. हुसेनसाब टोपी काढून वारा घेत बसले होते आणि एकदम त्यांना काहीतरी खुपलं. नाकाच्या मुळाशी, अगदी आत. घाण. ओली, खारट, सडकी घाण. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. पुन्हा श्वास घेतला तर नाही. पुन्हा घेतला तर आहे.

त्यांनी कुंडलिकला हाक मारली. त्याला ऐकू गेली नाही. मग टोपी हलवून बोलावलं. तो आल्यावर ते म्हणाले, तू मागून एकेक डबी धर, नाव सांगू नकोस, आणि पाण्याकडे तोंड करून, पाठ वळवून बसले.

पहिलीला काही आलं नाही. दुसरीला ते लगेच मोठ्यानं म्हणाले, "सुकट." तिसरीला बराच वेळ लागला. कुंडलिकला वाटलं, राहिलं. मग हुसेनसाब त्याच्याकडे वळून म्हणाले, "बडीशेप. फार लांब आहे. भिंतीपलीकडून कुणी बोलावं तशी. पण आहे."

ते रडू लागले. कुंडलिक त्यांच्या शेजारी खाली बसला आणि डब्या पुसत राहिला. थोड्या वेळानं हुसेनसाब म्हणाले, "जन्मभर मी ह्या वासाला नाक मुरडलं रे. आणि पहिला तोच आला भेटायला." मग डोळे पुसून म्हणाले, "तू त्या दिवशी आला नसतास, तर मी दुकान मोडून घरात बसलो असतो. तुझे उपकार कसे फेडायचे?"

"माझं कसलं उपकार? तुमच्या आधी मी दोन दुकानं फिरून आलो हुतो, चाचा. अत्तराच्या दुकानात मासळीचं काम म्हणल्यावर दोघंबी हसले. तुमी मासा हातात घेऊन बगितला. मी तवाच म्हणलो, ह्यो माणूस आपला हाय."

घरी आले तेव्हा दार उघडंच होतं. गुलबानो पाठमोरी बसून कांदा परतत होती. हुसेनसाब उंबऱ्यात थांबले, हवा आत ओढली आणि म्हणाले, "कांदा लागतोय." तिनं झटकन कढईत पाहिलं. कडेला खरंच दोन-चार तुकडे काळे पडले होते. ती वळली, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कढई उतरवायची विसरून तशीच उभी राहिली. त्या रात्री दोघांनी करपलेल्या कालवणाशी भाकरी खाल्ली आणि हुसेनसाबांनी ते दुसऱ्यांदा मागून घेतलं.

सगळे वास काही परत आले नाहीत. मोगरा आषाढात आला, गुलाब पुढच्या वर्षी, आणि केवडा कधीच आला नाही. गिऱ्हाइकानं केवडा मागितला की ते प्रांजळपणे सांगायचे, हा बेगम हुंगून देतील. कुणाची तक्रार नव्हती. कुंडलिकचं बघून गिरणीतले आणखी पाच-सहा जण गळाला धोट्याचे मासे लावू लागले आणि मेण न्यायला बोळात येऊ लागले. हुसेनसाब डबी भरून द्यायचे आणि वर हात कसे धुवायचे हे समजावून सांगायचे.

पावसाळा सरल्यावर एका शुक्रवारी गुलबानोनं तळं बघायची इच्छा धरली. टांगा केला. कुंडलिकची बायको वच्छला भाकरी-पिठल्याचं गाठोडं घेऊन आधीच बांधावर येऊन बसली होती. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. वच्छलानं चाचीच्या पाया पडायला हात पुढं केले, तर गुलबानोनं ते मधेच धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. तुझ्या घरधन्यानं माझं घर वाचवलं, असं ती म्हणाली. वच्छला संकोचून म्हणाली की आमचा माणूस पूर्वी घरात घुम्यावानी बसायचा, आता चाचांनी काय काय सांगितलं ते रोज मोठ्यानं सांगत असतो, ते काय कमी हाय?

जेवणं झाल्यावर कुंडलिकनं काठी गुलबानोच्या हातात दिली आणि कशी फेकायची ते दाखवलं. तिनं पदर खोचला, हुसेनसाबांनी स्वतः सुताला मेण चोळून दिलं, आणि तिनं सगळा जोर लावून मासा फेकला, तो पाण्याऐवजी मागच्या बाभळीत जाऊन अडकला. वच्छला पोट धरून हसली. हुसेनसाब हसले. गुलबानो तर हसता हसता खालीच बसली. कुंडलिकनं चपला काढल्या आणि काटे चुकवत बाभळीवर चढायला लागला.